नावाखाली काय टाकू?

सुबोध टिपणिसांची कंपनी बंद झाली त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांना भीती वाटली. निरोप समारंभात मिळालेली शाल मांडीवर आणि नारळ पायाशी घेऊन ते रिक्षाने मुलुंड पूर्वेला घरी निघाले होते. प्रत्येक वळणावर नारळ गडगडत येऊन त्यांच्या बुटावर आपटत होता. अशाच एका वळणावर त्यांच्या लक्षात आलं, की आता आपल्याला अडवणारं कुणी उरलेलं नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं. टिपणीस रंगाच्या कारखान्यात कच्चा माल तपासण्याच्या खात्यात होते. आलेला माल बरा की वाईट एवढंच ठरवायचं, खाली सही ठोकायची आणि घरी यायचं. पण सोसायटीत कुणीही त्यांना कच्च्या मालावरून ओळखत नव्हतं. गणपतीत आरतीला पेटी वाजवणारे ते टिपणीस. बंद पडलेलं घड्याळ उघडून बसणारे ते टिपणीस. गॅलरीत वीतभर वडाला तारेने बांधून ठेवणारे, आणि कुणाची पत्रिका दिसली की चष्मा पुसायला घेणारेही तेच. "नोकरीत अडकलोय, नाहीतर..." असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत. त्या 'नाहीतर'च्या पुढचं वाक्य त्यांनी कधी पूर्ण केलं नव्हतं. ऐकणारे आपापल्या परीने पूर्ण करत आणि ते नेहमी फार भव्य होत असे.

आता नोकरी गेली होती आणि उरलं होतं फक्त 'नाहीतर'.

त्यांची बायको शुभा शाळेत गणित शिकवायची. तिने आकांडतांडव केलं असतं तर बरं झालं असतं. माणसाला निदान रागावता तरी येतं. पण ती शांतपणे म्हणाली, "सावकाश ठरव. घर चालतंय. फक्त एक काहीतरी ठरव." आणि वह्या तपासायला बसली. टिपणिसांना त्या 'एक' शब्दाने घाम फुटला. पेटी म्हटलं की घड्याळं डोळ्यांसमोर येत. घड्याळं म्हटलं की वड केविलवाणा दिसे. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक भीती होती, जी त्यांनी स्वतःलाही धड सांगितली नव्हती. छंद होता तोवर तो चांगला आहे की वाईट, हे विचारायचा कुणाला हक्क नव्हता. धंदा झाला की ज्याला त्याला हक्क.

पहिले काही दिवस ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठेही न जाता बसून राहिले. मग तिसऱ्या मजल्यावरून चंद्रप्रकाश खारकर खाली आले. खारकर सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांचे प्रश्न सोडवणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग होता आणि त्यात त्यांना मंदी अशी कधी जाणवली नव्हती. त्यांनी चहा घेतला, टिपणिसांची हकिगत ऐकली आणि निकाल दिला, की आधी व्हिजिटिंग कार्ड छाप. कार्ड नसलेला माणूस म्हणजे पाटी नसलेलं दुकान. लोक बाहेरून बघतात आणि पुढे जातात.

एवढंच करायचं होतं. एक कार्ड. टिपणीस स्टेशनजवळच्या राजेशच्या छपाईच्या दुकानात गेले. राजेशने कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टंकलं, फोन नंबर टंकला आणि मान वर न करता विचारलं, "काका, नावाखाली काय टाकू?"

टिपणीस काउंटरवरचे कार्डांचे नमुने चाळू लागले.

"म्हणजे करता काय तुम्ही?"

मागे लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यातल्या एका बाईंनी टिपणिसांकडे अशा सहानुभूतीने पाहिलं की जणू त्यांना स्वतःचं नावच आठवत नाहीये. "उद्या सांगतो," म्हणून ते बाहेर पडले. उद्याही तेच झालं. परवा राजेशने त्यांना दुकानाच्या पायरीवर पाहूनच संगणकावर त्यांचं कार्ड उघडलं, आणि नावाखालची ती रिकामी जागा टिपणिसांना एवढी मोठी दिसायला लागली, की त्यात उभं आयुष्य बुडून जाईल. तेव्हा त्यांनी भेदरलेल्या माणसाला सुचतो तसा तोडगा काढला. चार प्रकारची कार्डं छापली. पेटीवादन शिक्षक. जुन्या घड्याळांची दुरुस्ती. बॉन्साय सल्लागार. ज्योतिष व पत्रिकामेलन. जे चालेल ते ठेवू, बाकीचं सोडू. निवड आपण करायचीच नाही, ती गिऱ्हाइकांनी करावी.

ही युक्ती कागदावर झकास होती. अंगावर मात्र तिचे हाल झाले. चार कार्डं चार खिशांत ठेवावी लागत. पेटी शर्टाच्या खिशात, घड्याळं पँटच्या उजव्या, बॉन्साय डाव्या आणि पत्रिका मागच्या खिशात, ज्यावर बसू नये असं त्यांना फार वाटे. कुणी समोरून हसलं की टिपणिसांचा हात खिशांवरून भिरभिरायचा. भाजीवाल्याला वाटलं यांचं पाकीट मारलं. बँकेतल्या रखवालदाराला वाटलं याहून काहीतरी वाईट, आणि त्याने टिपणिसांना बाजूला घेऊन नम्रपणे दोन्ही हात वर करायला सांगितले.

त्यात खारकरांनी मदत करायचं ठरवलं. त्यांनी चारही गठ्ठ्यांतली मूठ मूठ कार्डं उचलली आणि आसपासच्या सोसायट्यांत वाटली, समोरच्याचा चेहरा बघून, कार्ड न बघता. परिणाम असा झाला की टिपणीस एका इमारतीत गवई झाले, दुसऱ्या इमारतीत माळी, आणि टिपणिसांना लिफ्टची दहशत बसली. लिफ्टमध्ये दोन इमारतींची माणसं एकत्र आली तर? एकाने "टिपणीस सर, सारेगमप कधी सुरू करायचं?" विचारलं आणि दुसऱ्याने "माझ्या वडाची पानं का गळतायत?" म्हटलं तर? फोन वाजला की ते आधी फक्त "बोला" म्हणत. समोरचा काय म्हणून बोलतोय हे कळेपर्यंत ते नक्की कोण आहेत हे त्यांनाही माहीत नसे.

कामं आली, हे सांगायला हवं. खारकरांनी स्वतःचं भिंतीवरचं घड्याळ दिलं. टिपणिसांनी ते उघडलं, पुसलं, तेल घातलं, बंद केलं. त्यानंतर ते घड्याळ मनाला येईल तेव्हा मनाला येतील तेवढे टोले देऊ लागलं. खारकर म्हणाले, वाजतंय ना, मग झालं; आधी तेही नव्हतं. वीणानगरातल्या एका गृहस्थांचा चिंचेचा बॉन्साय त्यांनी इतका जपून छाटला, की परत देताना कुंडीत एक काडी होती. त्या गृहस्थांनी काडी सगळ्या बाजूंनी पाहिली आणि विचारलं, ही वाढेल ना? टिपणीस म्हणाले, वाढायला हवी.

मग एक दिवस खारकर अधिकृत चेहरा करून आले. हातात सोसायटीची नोटीस होती, तिच्यावर त्यांचीच सही. श्री. टिपणीस यांनी राहत्या घरात व्यवसाय सुरू केल्याचं समितीच्या निदर्शनास आलं असून त्यांनी परवानगीसाठी व्यवसायाचं स्वरूप कळवावं, स्वरूप एकच असावं, अशी ती नोटीस होती. टिपणिसांनी विचारलं, की हे समितीच्या निदर्शनास आणलं कुणी? खारकर म्हणाले, मीच. सेक्रेटरी म्हणून मला आणावंच लागलं. मग नोटीस टेबलावर ठेवून, मित्र म्हणून, त्यांनी चहा घेतला. टिपणिसांनी ती नोटीस पेटीच्या भात्याखाली सरकवली, कारण त्या दिवसांत ते पेटी उघडत नव्हते.

इथवर झालं ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण मागच्या खिशातलं एक कार्ड समोरच्या इमारतीतल्या चेतना दळवींकडे गेलं होतं.

चेतनाताई आपल्या मुलीची, श्वेताची पत्रिका घेऊन आल्या. सोबत घाटकोपरच्या आजगावकरांच्या मुलाची. मुलगा-मुलगी एकाच ठिकाणी नोकरीला, त्यांचं आपापसात केव्हाच ठरलेलं, दोन्ही घरं राजी. साखरपुड्यासाठी हॉलही बघून ठेवला होता. फक्त एकदा कुणा जाणत्याच्या नजरेखालून जावं, एवढीच त्यांची इच्छा. टिपणिसांनी चष्मा पुसला. पत्रिका समोर ठेवल्या. त्यांना जेवढं कळत होतं तेवढ्यात तरी सगळं ठीक होतं. गुण जुळत होते, दोष काही दिसत नव्हता. त्यांनी मान वर केली. चेतनाताई हात जोडून, श्वास रोखून बसल्या होत्या. एका 'हो'वर दोन माणसांचा जन्म ठरणार होता, आणि तो 'हो' टिपणिसांनी म्हणायचा होता.

"जरा थांबावं असं वाटतं," ते म्हणाले. "घाई नको."

पुढे अजून काहीबाही ते बोलले. चेतनाताईंचा चेहरा उतरला, पण जाताना त्या वाकून नमस्कार करून गेल्या. खरं सांगायचं तर त्या नमस्काराने टिपणिसांना जरा बरंच वाटलं. कंपनीत त्यांना कुणी कधी वाकून नमस्कार केला नव्हता.

आठवड्याभराने दुपारी श्वेता आली. शुभा शाळेत होती. श्वेता पंचविशीची, बोलायला तडक, पण त्या दिवशी ती आवाज चढवत नव्हती आणि त्यामुळेच टिपणीस जास्त घाबरले. तिने सांगितलं, की आईने साखरपुडा थांबवलाय. घाटकोपरला तसं कळवलंय, कारण न देता. मुलाच्या आईने त्याचा अर्थ आपल्या घरात काहीतरी खोट काढली असा घेतला आणि ती आता मुलाला म्हणतेय, की असल्या घराशी सोयरीकच नको. मुलगा आईशी भांडून मित्राकडे राहायला गेलाय. आणि इकडे श्वेताची आई म्हणते, टिपणीस काकांनी काहीतरी पाहिलं असणार, ते तोंडावर बोलले नाहीत एवढंच.

"काका, खरं सांगा," ती म्हणाली. "काय दिसलं तुम्हाला? त्याला काही होणार आहे का?"

तिच्या डोळ्यांत भीती होती. टिपणिसांना ती लगेच ओळखू आली, कारण गेले काही महिने ते आरशात तीच बघत होते. फरक एवढाच, की ही त्यांनी स्वतः दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवली होती.

"काही दिसलं नाही गं," ते म्हणाले. "मला त्यातलं फारसं कळतच नाही."

श्वेता चिडेल, रडेल, काहीतरी फेकेल अशी त्यांची तयारी होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, की हे आता तुम्ही आईला सांगायचं, आणि मग माझ्याबरोबर घाटकोपरला येऊन तिथेही सांगायचं.

चेतनाताईंना सांगणं जमलं ते त्या मोठ्याने रागावल्या म्हणून. माणूस रागावला की आपल्याला खाली मान घालून उभं राहता येतं. त्यांनी टिपणिसांना ढोंगी म्हटलं, लबाड म्हटलं, आणि माझ्या नमस्काराचं काय, असंही विचारलं. नमस्कार परत कसा देतात हे टिपणिसांना माहीत नव्हतं, तरी त्यांनी अर्धवट वाकून पाहिलं, त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

घाटकोपर मात्र वेगळं होतं. रिक्षा शास्त्री मार्गावर अडकत अडकत चालली होती आणि ती अशीच अडकून राहावी, असं टिपणिसांना मनापासून वाटत होतं. खारकर साक्षीदार म्हणून बरोबर होते. कशाचे, ते त्यांनी सांगितलं नाही. भांडुपपासून ते टिपणिसांना समजावत होते, की कबूल वगैरे काही करायचं नाही, ग्रह बदलले म्हणून सांग, ग्रह काय येऊन विचारणार आहेत का? श्वेता पलीकडून म्हणाली, "खारकर काका, तुम्ही त्यांच्या घरी बोलायचं नाही." खारकर इतके दुखावले की विक्रोळीपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

नंदकिशोर आजगावकर, म्हणजे मुलाचे वडील, सरकारी खात्यात इंजिनीअर होते. उंच, कमी बोलणारे, हाताची घडी घालून ऐकणारे. त्यांच्या पत्नी सोफ्याच्या टोकाला ताठ बसल्या होत्या. मुलगा आला होता, पण दाराजवळ उभा होता, आलाय की चाललाय हे न कळेलसा. टिपणिसांनी उभ्याउभ्याच सांगितलं. पत्रिकेत काहीही वाईट नव्हतं. दळवींच्या मनात तुमच्याबद्दल काहीही नव्हतं. चूक माझी एकट्याची.

"मग थांबा का म्हणालात?" आजगावकरांनी विचारलं.

"भीती वाटली."

"कसली?"

"हो म्हणायची." टिपणिसांना वाटलं इथे थांबावं, पण आता थांबता येईना. "नोकरी गेल्यापासून मला कशालाच हो म्हणता येत नाहीये. चार गोष्टी करायच्या आहेत, त्यामुळे एकही करवत नाही. ते सगळं तुमच्या मुलांवर निघालं. पत्रिका कुणाचीही असती तरी मी थांबाच म्हणालो असतो."

खारकरांनी तोंड उघडलं आणि श्वेताकडे बघून मिटलं. मग आजगावकरांच्या पत्नींनी, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, म्हटलं, "म्हणजे आमच्या घराबद्दल काही नव्हतं." श्वेता जाऊन त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, कधीच नव्हतं. मुलाने दाराजवळ चपला काढल्या. एवढ्यावर ते लग्न पुन्हा रुळावर आलं. माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवतील असं वाटणारा राग कधीकधी एका वाक्याची वाट बघत बसलेला असतो.

चहा आला. टिपणिसांना वाटलं सुटलो. तेवढ्यात आजगावकर उठले, त्यांना खुणेने गॅलरीत घेऊन गेले आणि काचेचं दार सरकवून बंद केलं. टिपणिसांच्या मनात आलं, आता खरी बोलणी खावी लागणार. मघाशी बायकामुलांसमोर यांनी सभ्यता पाळली. त्यांनी कठडा घट्ट धरला.

आजगावकरांनी वाकून खाली पार्किंगकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "सकाळी उठल्यावर कसं वाटतं हो?"

टिपणिसांना आधी कळलं नाही.

"मी मार्चमध्ये रिटायर होतोय," आजगावकर म्हणाले. "मला उर्दू शिकायचंय, सुतारकाम करायचंय, गाणं शिकायचंय. सगळे म्हणतात, मजा आहे तुमची, एवढे छंद. हल्ली रात्री झोप लागत नाही मला. घरात बोललो नाहीये."

टिपणिसांनी त्यांना काहीही धीर दिला नाही. सकाळी उठल्यावर काय वाटतं ते जसंच्या तसं सांगितलं. इस्त्रीच्या शर्टाचं सांगितलं, राजेशच्या दुकानाचं, लिफ्टचं, कुंडीतल्या काडीचं. काडीचं ऐकून आजगावकर हसले, आणि मग दोघेही एवढे हसले, की आतून खारकर काचेला नाक लावून बघू लागले.

संध्याकाळी टिपणिसांनी शुभाला सगळं सांगितलं. बरंचसं तिला माहीत होतं. तिच्या शाळेत तिघांनी तिला तिच्या नवऱ्याची तीन वेगवेगळी कार्डं दाखवली होती आणि तिघांनाही तिने "हो, तेही करतात" म्हटलं होतं. ती म्हणाली, तू कशात सगळ्यात चांगला आहेस हे शोधतोयस, म्हणून अडकलास. ते सोड. "कशात चुकलास तर कुणाचं नुकसान होणार नाही, ते बघ."

टिपणिसांनी मुलांच्या गणितासारखं ते मांडून पाहिलं. पत्रिका तर गेलीच, पुन्हा हात लावणार नाही. घड्याळात लोकांच्या आठवणी असतात, उघडून बिघडवायचा आपल्याला काय अधिकार? झाड बोलत नसलं तरी जीव आहेच. उरली पेटी. पेटीवर चुकलं तर फार तर शेजाऱ्यांच्या कानांना त्रास, आणि शेजारी म्हणजे खारकर. हे काही स्वप्नात पाहिलेलं उत्तर नव्हतं. सगळ्यात कमी भीतीचं होतं, एवढंच. ते म्हणताच बाकीच्या तिन्ही गोष्टी हातातून सुटल्या, आणि त्या सुटलेल्या त्यांना स्पष्ट जाणवल्या. शुभाने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

पहिला वर्ग रविवारी सकाळी होता. विद्यार्थी एकच होता, नंदकिशोर आजगावकर. त्यांनी स्वतःच फोन करून विचारलं होतं, साठीला टेकलेल्या माणसाला शिकवाल का?

टिपणीस लवकर तयार झाले. सतरंजी घातली, पेटी काढली, पुसली, पुन्हा झाकली. एक गोष्ट ठरवली की भीती जाते असं त्यांनी गृहीत धरलं होतं, ते साफ चुकलं होतं. उलट आता ती चार ठिकाणी वाटलेली नव्हती, सगळी एकाच जागी येऊन बसली होती. आपल्याला नीट शिकवता आलं नाही तर? वेळ होत आली तसे ते दारापाशी गेले आणि दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं.

आजगावकर आलेले होते. केव्हाचे आले होते कोण जाणे. स्वच्छ कुर्ता, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. त्यांनी बेलकडे हात नेला, मागे घेतला. कुर्त्याची बाही सारखी केली. पुन्हा हात नेला, पुन्हा मागे घेतला. मग ते वळले आणि जिन्याची एक पायरी उतरले.

टिपणिसांनी दार उघडलं.

"या," ते म्हणाले. "मीही घाबरलोय."

आजगावकर एक पायरी चढून वर आले. दोघे सतरंजीवर समोरासमोर बसले. टिपणिसांनी त्यांचा हात धरून पहिल्या पट्टीवर ठेवला आणि भाता ओढला. सूर लागला. थरथरतच लागला, आता तो थरथरणारा हात त्या दोघांपैकी कुणाचा होता, हे वर कान लावून बसलेल्या खारकरांनाही सांगता आलं नसतं.